चार नंबरच्या चिमणीवरचा आळ

सोमवार, ८ फेब्रुवारी १९९९

सुनेत्राताईंनी दोन वह्या दिल्या. एक नोंदींची आणि एक कच्ची. कच्च्या वहीत मी माझं लिहिणार आहे. त्यांना सांगायची गरज नाही.

काम असं. आमच्या लालबागच्या चाळीत, गॅलरीच्या कडेने, ताईंनी चौदा लाकडी पेट्या टांगल्यात. त्यात चिमण्यांनी घरटी केलीत. मी रोज प्रत्येक पेटी उघडून अंडी मोजायची, पिल्लं मोजायची, कोण भरवतंय ते बघायचं. मग ताई येऊन पिल्लाच्या पंखाखालून रक्ताचा एक थेंब घेणार. नर-मादीचाही घेणार. ते हैदराबादच्या प्रयोगशाळेत जाणार आणि तिथे डीएनए बघून सांगणार की कुठलं पिल्लू कुणाचं. ताई गिरगावातल्या. परळला एका संस्थेत पीएचडी करतात.

"भरवतो तोच बाप असतो असं नाही," ताई म्हणाल्या. "पक्ष्यांत बरीच भानगड असते. तीच शोधायचीय."

वडील, म्हणजे आमचे नाना, तंबाखू मळत ऐकत होते. म्हणाले, "एवढ्या वर्षांत या चाळीत कुणी कुणाचं रक्त काढून काही विचारलं नाही. आता चिमण्यांना विचारणार?" सगळे हसले. आई हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतात.

नियम दोनच. पेनानेच लिहायचं. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. सही नसलेली खाडाखोड ताई मानत नाहीत.

हे काम टिकवायचं आहे. दहावी एकदा बुडाली, आयटीआय चार महिने, कुरिअर सात आठवडे. कुरिअर सुटलं कारण भायखळ्याला एक माणूस भिंतीवर हाताने सिनेमाचं पोस्टर रंगवत होता, तो पूर्ण होईपर्यंत मी थांबलो. नाना म्हणाले, "पायाला भिंगरी आहे याच्या. अगदी बा–" तेवढ्यात आईने आतून हाक मारली, पाणी तापलंय, आंघोळीला जा. संध्याकाळचे पाच वाजले होते.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

आज जाळं लावून मोठ्या चिमण्या धरल्या. थेंब घेतला, पायात रंगीत कडी घातली, सोडल्या. चार नंबरच्या मादीला निळं आणि पांढरं कडं. ती सोडल्यावर गेली नाही. कठड्यावर बसून आम्हाला शिव्या दिल्या. शेजारच्या अंबिकामावशींनी तिचं नाव निळी ठेवलं.

चाळीतली पोरं सुई बघून घाबरली होती, म्हणून ताई नानांना म्हणाल्या, "नाना, तुमच्या बोटाचा एक थेंब द्या, चंदूचा एक घेते. चिमण्यांसोबत पाठवते. बाप-लेकाचे पट्टे कसे जुळतात ते पोरांना दाखवता येईल."

नानांच्या हातात चहा होता. ते उभेच राहिले. "संपात आमचं रक्त पाणी झालं बाई, त्यात काय दिसायचं," म्हणाले. मग म्हणाले, "आम्हाला नको ते." कप तसाच ठेवून अर्धा तास आधीच डंकावर गेले. (नाना सकाळी मसाल्याच्या डंकावर मिरची तोलतात. गिरणी सुटल्यापासून हेच.)

नानांना सुईची भीती वाटते हे मला नवीन. गणपतीतल्या रक्तदानात दरवर्षी पहिला नंबर त्यांचा असतो. आईने आज ताईंना दुसरा चहा विचारला नाही.

बुधवार, ३ मार्च

सगळीकडे अंडी. बहुतेक पेट्यांत चार-चार. नऊ नंबर शेवटच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीवर आहे, तिथे शिडी लागते, आणि शिडी रंगकामाला गेलीय. नऊमध्येही चार लिहिली. चिमण्या काय वेगळ्या असतात?

गुरुवार, ११ मार्च

कुशाबा आला. तो नायगावच्या बीडीडी चाळीतला, माझ्याबरोबर दहावीला बसला होता.

"चल ना बे, शिवडीला. खाडीत ते गुलाबी पक्षी आलेत, हजारभर असतील."

"काम आहे रे."

"चिमण्या कुठे पळून जातायत? चल, भंकस नको करू."

दुपारी डंकावरून नाना घरी येतात, त्यांना लक्ष ठेवा म्हणालो आणि गेलो. फ्लेमिंगो चिखलात डोकं उलटं घालून खातात. चोच वरची खाली, खालची वर. मी चार तास बघितलं. त्यांच्या रक्ताचं कोण बघत असेल?

परत आलो तर चार नंबर रिकामी. काल चार पिल्लं होती, चार दिवसांची. निळीही दिसली नाही. नाना पाठमोरे बसले होते, वर्तमानपत्राने वारा घेत. विचारलं तर म्हणाले, "मी झोपलो होतो." लिहिलं: मांजराने नेली असावीत. अंबिकामावशींची मांजर तशी दिसते.

नऊमध्ये शिडीअभावी चार.

मंगळवार, १६ मार्च

शिडी मिळाली. ताई स्वतः नऊ नंबरवर चढल्या आणि मी खाली देव आठवत होतो. "चार!" त्या वरून ओरडल्या. "गुड. तुझी नोंद अगदी बरोबर आहे." चार तर चार. आपल्याला डोळा आहे म्हणायचा.

झाकणावर बोटांचे तांबडे डाग होते. ताईंनी वास घेतला आणि शिंकल्या. मला वाटलं रंगारी. चारही पिल्लांचे थेंब घेतले. नर-मादी आळीपाळीने किडे आणत होते, ताई खाली उतरायचीही वाट बघत नव्हते.

नानांनी पंखा लावणं बंद केलंय. हवेने खांदा धरतो म्हणतात. आई म्हणते, मार्चमध्ये?

शनिवार, १७ एप्रिल

धर्माकाका गावाहून आलेत, डोळे दाखवायला. नानांचे साळखात्यातले जोडीदार. दोघांचे माग शेजारीशेजारी. ब्याऐंशीच्या संपात धर्माकाका गावी गेले ते परत कामाला आलेच नाहीत. त्यांची बायको संपातच गेली, इथेच, परळच्या हॉस्पिटलात. पुढे त्यांनी लग्न केलं नाही.

दारातच म्हणाले, "केदो मोठो झालो रे! गेल्या वर्साक माझ्या खांद्याक होतो." दरवर्षी तेच म्हणतात. माझ्यासाठी शर्ट आणला. न मोजता बरोबर बसतो, हे मला आवडतं. आई त्यांना वाढताना फार बोलत नाही, पण माशाचा मधला तुकडा त्यांना देते.

सकाळी मी आणि धर्माकाका लिंबं आणायला खाली उतरलो. वाटेत एकाने घोड्याला नाल ठोकायला घेतली होती. मग एका दुकानात पितळेच्या घंटा. मग आणखी काहीतरी. घरी आलो तेव्हा दीड वाजला होता आणि लिंबं राहिली. नाना दारात उभे. आमच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, एकदा काकांकडे, आणि हसायला लागले. हसता हसता थांबले आणि आत गेले.

धर्माकाकांना पेट्या दाखवल्या. त्यांनी विचारलं, "आणि तो डीएनए की काय, तो पिल्लांका पण सांगतत?"

"पिल्लांना कशाला सांगायचं?"

"ता पण खरा," म्हणाले.

सोमवार, ९ ऑगस्ट

मे ते जुलै काही विशेष नाही. हंगाम संपल्यावर मी दोन आठवडे एका बँडवाल्यांबरोबर होतो, झांजा वाजवल्या.

आज निकाल आला. ताई जिना धावत चढल्या. हातात एक्स-रेसारखी फिल्म. उभ्या रांगा आणि त्यात आडव्या काळ्या रेघा. एक रांग म्हणजे एक चिमणी. पिल्लाची प्रत्येक रेघ आईत नाहीतर बापात सापडली पाहिजे, अर्धी इकडची, अर्धी तिकडची. बाकीच्या पेट्यांत थोडीफार भानगड निघाली, बाप दुसरा वगैरे. पण नऊ नंबर!

"नऊमधली दोन पिल्लं त्या आईचीही नाहीत आणि बापाचीही नाहीत," ताई म्हणाल्या. "दोन्ही चार नंबरची! निळी आणि तिचा नर. म्हणजे काय? निळी स्वतःच्या घरट्यात अंडी घालत होती आणि गुपचूप नऊमध्येही घालून येत होती. दुसरीच्या जिवावर पिल्लं सोडायची. चिमण्यांत इतकं स्वच्छ सहसा सापडत नाही, चंदू. आणि तुझी वही आहे. अंडी पहिल्या दिवसापासून चार. त्यावरच सगळं उभं आहे."

मी बरं म्हणालो.

ताईंच्या सरांनी सांगितलंय, डिसेंबरपर्यंत ठोस काही दाखव, नाहीतर हे काम बंद. आता डिसेंबरच्या परिषदेत ताई निळीवर बोलणार. पुढच्या हंगामालाही मलाच घेणार. निबंधाच्या शेवटी माझं नाव छापणार. आईला सांगितलं तर तिने देवापुढे साखर ठेवली.

गुरुवार, १२ ऑगस्ट

चाळभर झालं. नळावर अंबिकामावशी म्हणाल्या, "निळी तशी वाटत नव्हती हो! चार नंबरात संसार आणि नऊ नंबरात अंडी. पोरं दुसरीच्या पदरात टाकून मोकळी. आणि माझ्या मांजरीवर आळ!"

बायका हसायला लागल्या. नाना बादली भरत होते. त्यांनी बादली आपटली.

"मेलेल्या बाईबद्दल असं बोलू नये."

"अहो नाना, चिमणीबद्दल बोलतोय."

"कळतंय मला."

मी घरी येऊन विचारलं, "मेली? तुम्हाला कुणी सांगितलं निळी मेली?"

नानांनी बादली मोरीत ठेवली. ताईंनी माझ्यापाशी ठेवलेली फिल्म मागितली आणि गॅलरीत उजेडासमोर धरली. गिरणीत शेवटची वर्षं ते कापड तपासायला होते, हजारो वार कापड डोळ्यांखालून गेलंय. दोन मिनिटांत त्यांनी बोट ठेवलं. "ही दोन. तिसरं आणि चौथं. ही दुसऱ्या मागावरची." मग चुन्याची डबी उघडली. चुन्याच्या खालून दोन कडी काढली. एक निळं, एक पांढरं.

सांगितलं ते असं. मी शिवडीला गेलो त्या दुपारी नाना डंकावरून आले, पंखा लावला आणि आडवे झाले. निळी दारातून आत आली. चोचीत किडा होता. पंख्याने उडवली ती कपाटावर आपटली. किडा तसाच. नर एकदा-दोनदा पेटीकडे आला आणि मग दिसेना. पिल्लांना मुंग्या लागल्या. दोन गेली. उरलेली दोन नानांनी ओंजळीत घेतली आणि टाकीवर चढून नऊ नंबरमध्ये ठेवली. शिडी नव्हती तर पाइप धरून चढले, एकसष्टाव्या वर्षी. नऊमध्ये दोनच पिल्लं होती, याच वयाची.

दोनच.

"हातावर मिरची होती," नाना म्हणाले. "मला वाटलं, वासाने ती हाकलेल. तिने एकदा बघितलं. मग चौघांना भरवलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? माझ्या पंख्याने आई मारली म्हणून?" ते कड्यांकडे बघत होते. "पोरं टाकून गेली म्हणतायत तिला. टाकली नाहीत तिने. मेली ती. आणि बाप एकटा काय करणार, त्याला भरवता येईना. कुणीतरी उचलून कुठेतरी ठेवायला नको? संपात नाही का..."

मी वाट बघितली. पण संपाचं काय ते राहिलं. आईने आतून भांडं जोरात ठेवलं आणि नाना म्हणाले, "सांग त्या ताईला. आजच सांग. त्या निळीवरचा आळ काढ."

रविवार, १५ ऑगस्ट

नाही सांगितलं. नानांना वाटतं फक्त त्यांचं सांगायचंय. पण नऊमध्ये दोन होती आणि माझ्या वहीत पहिल्या दिवसापासून चार आहेत. नानांचं सांगितलं की माझं उघडं पडतं. निम्मं सांगायची काही सोय आहे का ते बघितलं. नाही.

ताईंकडे जायला निघालो. झेंडावंदनाची सुट्टी, पण त्या प्रयोगशाळेत असतात. परळला उतरायचं ते बसमध्येच बसून राहिलो आणि अँटॉप हिलला पोचलो. सरकारी वसाहतीत एक मुंगूस आपली चार पोरं रांगेने रस्ता ओलांडून नेत होतं. चारच होती, मी दोनदा मोजली. मोजायला तसा वेळ लागत नाही.

गुरुवार, १९ ऑगस्ट

नाना रोज एकच विचारतात: "सांगितलंस?" आज जेवताना विचारलं नाही. नुसतं ताट सरकवलं. म्हणून गेलो.

ताई परिषदेसाठी निळीचं चित्र काढत होत्या, पायात निळं-पांढरं कडं. मी खरी कडी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग नोंदवही काढली. ३ मार्चपासून नऊ नंबरच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. चार, चार, चार.

"हे मोजलं होतंस?"

"नाही."

"एकदाही?"

"शिडी नव्हती."

"शिडी नाही, एवढं लिहिता येत नव्हतं?"

त्या पुढची पानं उलटत राहिल्या. ११ मार्चला थांबल्या.

"तू मला मांजर लिहून दिलंस, चंदू."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, बाकीच्या तेरा पेट्यांचं काय समजू मी? तेव्हा मी खरं सांगितलं की बाकीच्या रोज उघडल्या, फक्त शिवडीच्या दिवशी सकाळी नाही. त्यांनी चित्र उलटं ठेवलं. "जा तू." मी गेलो. जाताना हात खिशात घातला तर कडी नव्हती. ती टेबलावरच राहिली.

घरी नानांना म्हणालो, आळ निघाला, कामही गेलं. नाना म्हणाले, "जेव."

मंगळवार, १४ सप्टेंबर

काल गणपती बसले. ताई आल्या नाहीत. मी पेट्या बघतोच आहे. दुसरं काही करायला नाही म्हणून. आता सगळ्या रिकाम्या आहेत. नोंदवही ताईंकडे, म्हणून सुट्या कागदावर आखून लिहिलं: चौदा रकान्यांत चौदा शून्यं, मोजून.

सोमवार, ११ ऑक्टोबर

ताई आल्या. बारीक झाल्यात. परिषदेतलं नाव त्यांनी काढून घेतलं. सरांनी दीड तास ऐकवलं आणि मग सहा महिने वाढवून दिले. नऊ नंबर आणि चार नंबर प्रबंधातून गेले.

माझ्याशी न बोलता माझा शून्यांचा कागद बघितला आणि नानांसमोर बसल्या.

"नाना, पुढच्या हंगामात पिल्लं मुद्दाम हलवायचीत. या पेटीतली त्या पेटीत. कोण कुणासारखं होतं ते बघायला. जन्म दिला त्यांच्यासारखं, की वाढवलं त्यांच्यासारखं. तशी रीतसर पद्धत असते. हलवायचं काम तुम्ही कराल? तुमच्या हातची पिल्लं आई आपली मानते, हे सिद्ध झालंय."

नानांनी बराच वेळ तंबाखू मळली. "हात धुऊन करीन," म्हणाले.

"आणि लिहायचं कुणी?" मी विचारलं.

"त्या कागदावर जी सप्टेंबरमधली शून्यं आहेत," ताई पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ती लिहिणाऱ्याने." नवीन वही दिली आणि निघाल्या. आईने त्यांना जिन्यातून परत बोलावून दुसरा चहा पाजला.

रविवार, १७ ऑक्टोबर

आज वही आखली. तीन रकाने. पिल्लू, जन्मपेटी, वाढपेटी. ताईंनी तसेच सांगितलेत, दोन्ही पेट्या वेगवेगळ्या लिहायच्या, एकीवरून दुसरी ओळखता येत नाही.

नवीन पेन चालतं का बघायला पहिल्या ओळीत माझंच नाव लिहिलं. चंदू. जन्मपेटी खोली नंबर १७. वाढपेटी खोली नंबर १७. पेन चांगलं आहे, फुटत नाही.

नाना शेजारी बसून पेट्यांना खिळे मारत होते. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. हातोडी खाली ठेवली. आई दारात गहू निवडत होती. नानांनी तिच्याकडे बघितलं. तिने सूप मांडीवर धरलं आणि मान हलवली. हो म्हणाली की नाही ते मला कळलं नाही.

मग नानांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि पहिल्या १७ वर एक सरळ रेघ मारली. खालचं वाचता येईल अशी. पुढे काहीच लिहिलं नाही.

"दिवाळीत गावाक जाऊया," म्हणाले. घरात ते एरवी असं बोलत नाहीत. "धर्माकडे. तू, मी आणि आई. तिथे बसून बोलू."

"काय बोलू?"

"संपाचं राहिलंय ते."

खाडाखोड केली की शेजारी सही लागते. मी वही पुढे केली, पण नाना उठून मोरीत गेले होते आणि नळ बराच वेळ चालू होता. आईने निवडलेले गहू परत पहिल्यापासून निवडायला घेतले. मी रेघेकडे बघत बसलो. एरवी एवढ्या वेळात मी कुठेतरी भटकायला गेलो असतो.

ओळ अशी अर्धवट ठेवता येत नाही. वाढपेटीच्या १७ ला नानांनी हात लावला नव्हता. पहिल्याशेजारी मी सही केली.